छोट्या सेलिंग क्लबांचा इतिहास, आणि पुण्यात एवढं पाणी असून शिडाची बोट का दिसत नाही?

डेक्कनचा_नाखवा (धागाकर्ता)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज सोसायटीत लाईट गेलेत आणि लॅपटॉपला चार्ज आहे म्हणून बसलोच शेवटी.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं दक्षिण इंग्लंडात होतो. गावाबाहेर खडी आणि रेती काढून झाल्यावर उरलेला एक भलामोठा खड्डा, त्यात पाणी साचून तळं झालेलं, आणि त्या तळ्यावर एक सेलिंग क्लब. नाव देत नाही, कारण तिथे असे क्लब पायलीला पन्नास आहेत आणि सगळ्यांची जन्मकथा थोड्याफार फरकाने एकच. यॉट क्लब म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पांढरी पॅन्ट, निळा कोट आणि हातात ग्लास घेतलेला माणूस येतो. इथे मात्र मेंबर कोण, तर शाळेतले मास्तर, प्लंबर, पोस्टातला कारकून, एक दातांची डॉक्टरीण. क्लबहाऊस म्हणजे पत्र्याची शेड, आत चहाचा मोठा बंब आणि कपाटात जुन्या मिटिंगांची रजिस्टरं.

ती रजिस्टरं मी चाळली आहेत. रेसमध्ये कोण जिंकलं याला दोन ओळी, आणि रेस्क्यू बोटीचं पेट्रोल कोणी भरायचं, संडासाची टाकी कोणी उपसायची, चहाच्या डब्यात पैसे न टाकता चहा कोण पितो यावर पानंच्या पानं. वाचताना आपल्या सोसायटीच्या एजीएमची आठवण येऊन अगदी घरच्यासारखं वाटलं.

आता मूळ मुद्दा, हे क्लब आले कुठून. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी छोटी शिडाची बोटसुद्धा फळ्या वाकवून, खिळे ठोकून बहुतेक वेळा मुरलेल्या कारागिराकडून बनवून घ्यावी लागायची, म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ. युद्धात विमानं बनवायला प्लायवूड आणि पाण्याने न सुटणारा गोंद यावर प्रचंड काम झालं, मॉस्किटो नावाचं आख्खं बॉम्बर विमान लाकडाचं होतं. युद्ध संपलं आणि तेच प्लाय, तोच गोंद सामान्य माणसाच्या हातात आला. फेअरी नावाची विमान कंपनी तर सरळ बोटी बनवायला लागली, त्यांची फायरफ्लाय ही १२ फुटी बोट १९४८ च्या ऑलिम्पिकला होती आणि तिच्यावर डेन्मार्कच्या पॉल एल्वस्ट्रमने त्याचं पहिलं सुवर्णपदक मारलं (पुढे आणखी तीन).

पण सामान्यांचा खरा देव म्हणजे जॅक होल्ट. या माणसाने अशा बोटी आखल्या की सुतारकामाची थोडी आवड असलेला कोणीही घराच्या गॅरेजमध्ये बनवू शकेल. १९४७ ला मुलांसाठी कॅडेट, १९४९ ला जीपी फोर्टीन, १९५६ ला निळ्या शिडाची एंटरप्राइज. ही शेवटची एका वर्तमानपत्राने पुढाकार घेऊन काढली, आणि जाहिरात काय केली तर ऐन जानेवारीत रात्रीच्या वेळी दोन बोटी इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सला नेल्या! मग १९६३ ला आली मिरर, तीसुद्धा डेली मिरर या पेपरची. होल्टसोबत बॅरी बकनेल म्हणून टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा माणूस होता. त्याची आयडिया अशी की प्लायचे तुकडे आधीच कापून खोक्यात द्यायचे, कडेने भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने तुकडे एकमेकांना शिवायचे आणि जोडावर आतून बाहेरून फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. झाली बोट. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. ७० हजारांच्या वर बनल्या.

मी तिथे एक जुनी मिरर घेतली होती, लाल शिडाची. आत वाकून सांध्यावरून हात फिरवला की फायबरच्या पट्टीखाली तारेची टोकं बोटाला लागायची, ठरावीक अंतरावर, एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला वाकडीतिकडी. बहुतेक एक बाजू बापाने शिवली असावी आणि दुसरी पोराने.

तर असं झालं की बोट स्वतः बनवलेली, ती ठेवायला जागा पाहिजे, एकट्याने पाण्यात जाणं धोक्याचं म्हणून सोबत पाहिजे, म्हणून चार घरं एकत्र आली आणि खाणीच्या मालकाला गाठून तळं भाड्याने घेतलं. झाला क्लब. म्हणजे आधी बोटी आणि मग क्लब, हा क्रम महत्त्वाचा आहे असं माझं मत.

आता पुण्यात बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर. एवढं पाणी उशाला असून शिडाची एक बोट दिसत नाही, असं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

भारी धागा. चहाच्या डब्यात पैसे न टाकणारा मेंबर कोण होता ते रजिस्टरमध्ये लिहिलंय का? पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पेठी_खवट

पुण्यात बोट क्लब नाही असं कसं म्हणता? बोट क्लब रोड काय उगाच नाव पडलंय का. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ चा आहे, म्हणजे तुमच्या त्या खड्ड्यातल्या क्लबाच्या पणजोबाच्या वयाचा. आणि तो तिथेच का हे पण सांगतो, कारण हल्ली लोकांना बंडगार्डन म्हणजे फक्त ट्रॅफिक जॅम माहीत. नदीवर बंधारा घातला, त्याला पैसे दिले मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांनी. बंधाऱ्यामुळे वरच्या अंगाला बारा महिने पाणी तुंबून राहायला लागलं, तेव्हा कॅम्पातल्या साहेबांना वल्हवायला आयती जागा मिळाली. बंधारा नसता तर मार्चनंतर मुळा-मुठेत गुडघाभर पाणी, कसला क्लब नि कसली रेगाटा (बोटींच्या शर्यतींचा सोहळा).

डेक्कनचा_नाखवा

@पेठी_खवट, बंधाऱ्याची माहिती एकदम मस्त, पण तुम्हीच लिहिलंत ना, वल्हवायला. मी शिडाबद्दल विचारतोय. आणि तो क्लब साहेबांनी साहेबांसाठी काढलेला, त्यात पोस्टातला कारकून कुठे बसतो?

पेठी_खवट

पोस्टातला कारकून पुण्यात चारचा चहा सोडून कुठेही बसत नाही.

संगमपुलावरून

सीओईपीचा (पुण्याचं इंजिनियरिंग कॉलेज) माजी विद्यार्थी, त्यामुळे या धाग्यावर लिहिणं भागच आहे. आमचा बोट क्लब १९२८ पासूनचा, संगमाजवळ, आणि रेगाटा न पाहिलेला माणूस पुणेकर नाही असं माझं स्पष्ट मत. संध्याकाळी काठावर गर्दी, पाण्यात कयाक बॅले, पंट (सपाट तळाच्या बोटी) फॉर्मेशन, शेलच्या (लांब, अरुंद वल्ह्यांच्या बोटी) शर्यती आणि अंधार पडला की मशाली घेऊन बोटी. यातही शीड नाही हे मान्य. पण नाखवा जे म्हणताय्त ना की क्लब म्हणजे रेस कमी आणि कामं जास्त, ते आमच्याकडे शंभर टक्के होतं. रेगाटाच्या आधी कित्येक आठवडे पोरं-पोरी बोटी उलट्या घालून घासतायत, भोकं बुजवतायत, रंग लावतायत, लेक्चरला दांड्या आणि अंगाला थिनरचा वास. ज्युनियरने सीनियरकडून शिकायचं आणि पुढच्या वर्षी शिकवायचं, बस. बाहेरचा कोच वगैरे भानगड नाही. आणि गंमत म्हणजे चार वर्षांत कोणी पास आउट झालं तरी क्लब चालूच राहतो, कारण काम हातातून हातात जातं.

नदीचं मात्र विचारू नका. उन्हाळा आला की जलपर्णी, वल्हं आत घातलं की हिरवा गालिचा निघतो वर, आणि वास. बोट उलटली तर पाण्याची भीती नाही वाटत, पाण्यात काय आहे याची वाटते.

तीन_नंबरची_बस

हसून हसून पुरेवाट. बाय द वे एक बावळट शंका, पण विचारतेच. वारा पुण्याकडून पानशेतकडे वाहतोय, मग शिडाची बोट पानशेतकडे जाईल हे समजलं. पण परत कशी यायची? वाऱ्याच्या उलट?

निवृत्त_फौजी

ताई, शंका अजिबात बावळट नाही, एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) पहिल्या दिवशी अर्ध्या स्क्वाड्रनला हीच शंका असते. वाऱ्याच्या नाकासमोर बोट जात नाही. पण नाक सोडून साधारण ४५ अंश कलून जाते. शीड घट्ट ओढून धरलं की त्याच्या फुगीर बाजूवरून वारा वळतो आणि बोटीला तिरकं ओढतो. आता बोट नुसतीच आडवी सरकत जाईल ना, तर ती सरकू नये म्हणून तळातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. आडवं जायला फळी देत नाही, म्हणून उरतो तो जोर पुढे ढकलतो. मग थोडं डावीकडे, तोंड फिरवून थोडं उजवीकडे, असं नागमोडी वर चढत यायचं. घाटासारखंच.

धागाकर्त्यांना सांगायचं म्हणजे पुण्यात शीड दिसत नाही हे बरोबर नाही. खडकवासल्याला एनडीएचा पीकॉक बे आहे, तिथे कॅडेट्सना सेलिंग शिकवतात आणि अकॅडमी तिथे आली तेव्हापासून (१९५४ चा डिसेंबर) पाण्यावरचं ट्रेनिंग चालू आहे. फक्त तो भाग अकॅडमीचा, त्यामुळे सिव्हिलियनला दिसत नाही.

आम्हाला पहिला धडा सेलिंगचा नव्हताच. पहिला धडा बोट उलटवायचा. मुद्दाम उलटवायची, आधी जोडीदाराचं डोकं पाण्याच्या वर आहे का बघायचं, मग फिरून मागे जाऊन त्या सेंटरबोर्डवर चढून उभं राहायचं, कडा पकडायची आणि मागे रेलायचं. बोट हळूच शीड उचलते, शिडातून पाणी निथळतं, आणि मग ती एकदम सरळ होते, तेव्हा तुम्ही आत पाहिजे नाहीतर ती तुमच्याशिवाय निघते. आणि एकच नियम डोक्यात ठोकून बसवायचे, काही झालं तरी बोट सोडायची नाही. पोहायला कितीही येत असलं तरी काठाकडे पोहत निघायचं नाही. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. धरणात कित्येक लोक पोहता येतं म्हणूनच बुडतात.

सिंहगडरोडकर

फौजीकाका +१. शेवटच्या वाक्याला तर दहा वेळा +१. आमच्या रोडवर दर पावसाळ्यात दर रविवारी चौपाटीला भजी-कणीस खाऊन पाण्यात उतरणारे हिरो बघतो.

खडकवासला म्हणाल तर ते धरणच १८७० च्या दशकातलं, कर्नल फाइफ नावाच्या इंजिनियरने बांधलं, तलावाला लेक फाइफच म्हणायचे. पण शिडाचे क्लब का झाले नाहीत याचं माझ्या मते सरळ कारण आहे, ते पाणी पिण्याचं आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं खुद्द खडकवासल्यात जेमतेम १.९७. पुणे याच्यावर जगतं, शिवाय खाली शेतीला कॅनॉल. शहराच्या घशाशी असलेल्या तळ्यात कोण कोणाला बोट घालू देईल? आणि उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जातं की तुमची जेट्टी चिखलात आणि पाणी पार लांब. इंग्लंडातल्या खाणीचं तळं वर्षभर साधारण एकाच पातळीला राहतं, हा फरक लक्षात घ्या.

आणि आमच्या घरातल्या मोठ्यांच्या मनात धरण म्हटलं की १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, पेठा पाण्याखाली. धरण फुटल्यावर तळंच रिकामं झालं, मग नळाला पाणी कुठलं, लोकांनी वाड्यातल्या बुजत आलेल्या विहिरी पुन्हा उपसल्या. माझ्या आजीसमोर बोटीत बसायला चाललोय म्हणून बघा, काय ऐकायला मिळतं ते.

डेक्कनचा_नाखवा

@सिंहगडरोडकर, पातळीचा मुद्दा खरा आहे, मी तेवढा विचार केला नव्हता. पिण्याच्या पाण्याचं मात्र पटत नाही. इंग्लंडात पिण्याच्या पाण्याच्या कितीतरी जलाशयांवर सेलिंग क्लब आहेत, कारण शिडाला इंजिन नाही, तेल नाही, आवाज नाही. आपल्याकडे उलटं. स्पीडबोट चालते, काठावर दारूच्या बाटल्या चालतात, आणि शिडाची बोट म्हटलं की साहेब चष्म्यावरून बघतात. एका ऑफिसात चौकशीला गेलो होतो, तिथून दुसऱ्या टेबलवर, तिथून दुसऱ्या ऑफिसात, तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मासेमारीचा परवाना पाहिजे का तुम्हाला?"

चहाबाज

घेऊन टाकायचा होता ना. निदान बांगडा तरी...

हर्णैकर

धरणात बांगडा?? पुणेकर धन्य आहेत.

कोकणातला असल्याने हसू येतंय आणि थोडं वाईट पण वाटतंय. आमच्याकडे मचवे, पडाव, गलबतं सगळी शिडावरच होती. कोणी क्लब काढला नाही, गरजच काय. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा, त्याच्यावर बाहेर पडायचं, दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी. हे शाळेच्या भूगोलात मार्कांसाठी पाठ केलेलं तुम्ही, आमचे आजोबा त्याच्यावर जेवायचे. मग इंजिनं आली आणि शिडं गेली, कोणी रडलं पण नाही, कारण वारा पडल्यावर भर उन्हात वल्ही मारणं काय असतं ते त्यांना माहीत होतं. ज्याचं पोट त्याच्यावर आहे तो माणूस सुट्टीच्या दिवशी मजा म्हणून शीड उभारणार नाही. मला वाटतं हा छंद समुद्रापासून लांब, ऑफिसात बसणाऱ्यांचाच. त्या अर्थाने पुणे एकदम योग्य जागा.

पेठी_खवट

हे कौतुक होतं की टोमणा?

हर्णैकर

तुम्हीच ठरवा.

भोपाळी_भोपळा

जन्माने पुणेकर, गेली बरीच वर्षं भोपाळमध्ये, म्हणून हे मुद्दाम लिहितोय. इथून समुद्र इतका लांब की निम्म्या पोरांनी पाहिलेला पण नसतो. पण मोठ्या तलावावर सेलिंग स्कूल आहे, राज्याची वॉटर स्पोर्ट्सची अकॅडमी आहे आणि गावाकडची मुलं-मुली निवडून आणून शिकवतात. हर्षिता तोमरने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणलं, आणि देवास जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या नेहा ठाकूरने २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सिल्व्हर. हैदराबादला पण हुसेनसागरवर यॉट क्लब आहे, तिथे वस्तीतली, सरकारी शाळेतली मुलं शिकतात आणि नॅशनलला मेडलं घेतात. बंगळूरला उलसूर तलावावर सैन्याचा त्रिष्णा क्लब. आणि हो, भोपाळचा मोठा तलाव पिण्याच्या पाण्याचाच आहे बरं का.

म्हणजे समुद्र नाही, पाणी पिण्याचं आहे, ही कारणं नाहीत. कोणीतरी मागे लागलं नाही हे कारण आहे.

पेठी_खवट

शेवटी हे श्रीमंतांचे चोचलेच ना पण. आज एका बोटीला किती पडतात ते तर कोणीच लिहीत नाहीये. सरकारने पैसे घातले म्हणून भोपाळला जमलं. पुण्यात कोण घालणार? तुम्ही?

डेक्कनचा_नाखवा

खवटराव, याच प्रश्नाची वाट बघत होतो. जगातल्या सगळ्यात खपलेल्या बोटींपैकी एक ऑप्टिमिस्ट, पावणेआठ फुटांची पेटीसारखी, एका पोरापुरती. तुम्ही ऑलिम्पिकवाल्यांना विचारा, बहुतेकांची सुरुवात हिच्यातच. ती कशी जन्मली? १९४७, फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर गाव. तिथल्या ऑप्टिमिस्ट नावाच्या समाजसेवी क्लबातल्या लोकांना गावातल्या पोरांसाठी स्वस्तातला काहीतरी उद्योग हवा होता. क्लार्क मिल्स नावाच्या बोट बनवणाऱ्याला सांगितलं, ५० डॉलरच्या आत बसव. तेव्हा बाजारात प्लायची शीट आठ बाय चारची, म्हणून बोट आठ फुटांच्या आत, दोन शीटमध्ये. एवढंच डिझाईन. गावातल्या दुकानदारांनी एकेक बोट स्पॉन्सर केली. पुढे १९५४ ला एका डॅनिश माणसाने ती युरोपात नेली आणि मग जगभर गेली. सरकार यात कुठेच नव्हतं. आज फायबरची रेसिंगवाली ऑप्टिमिस्ट महाग मिळते हे खरंय, पण ती शर्यतीवाल्यांची गरज, आपली नाही.

हे म्हणजे आपल्या गणपती मंडळाचं गणित आहे. मूर्ती, मांडव, वर्गणी, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या. मंडळ काढता येणाऱ्या शहराला क्लब काढता येत नाही हे मला पटत नाही.

संगमपुलावरून

फक्त डीजे लावू नका बोटीवर.

गणिती_माऊ

मला एक कळत नाही. सगळ्यांनी घरी बनवलेल्या वेगवेगळ्या बोटी असतील तर रेस कशी लावणार? मोठ्या शिडाची बोट नेहमीच जिंकणार. मग छोट्या बोटवाल्याला मजा काय?

डेक्कनचा_नाखवा

मस्त प्रश्न, आणि याचं उत्तर पण छोट्या क्लबानेच काढलंय. १९५० च्या आसपास पोर्ट्समथजवळच्या लँगस्टन सेलिंग क्लबातल्या झिलवुड मिलेज नावाच्या मेंबरने निकालांच्या वह्या घेऊन प्रत्येक प्रकारच्या बोटीला एक नंबर काढला, पोर्ट्समथ यार्डस्टिक. जेवढी हळू बोट तेवढा मोठा नंबर. तुम्हाला लागलेला वेळ गुणिले १०००, भागिले तुमच्या बोटीचा नंबर, जो कमी तो जिंकला. उदाहरणार्थ लेझर बोटीचा नंबर साधारण ११००, ऑप्टिमिस्टचा १६४० धरा. लेझरवाला ५५ मिनिटांत आला, त्याचे झाले ५०. ऑप्टिमिस्टमधलं पोरगं ८० मिनिटांनी आलं, त्याचे झाले ४८.८. पोरगं जिंकलं! तोपर्यंत लेझरवाल्याचा कपडे बदलून चहा पण झालेला असतो आणि मग त्याला कळतं की आपण हरलो. हे नंबर क्लबाक्लबांतून निकाल गोळा करून अजून दरवर्षी दुरुस्त करतात.

गणिती_माऊ

आईशप्पथ, हे फार भारी आहे. हिशोब ठेवायला मी तयार, एक्सेल माझ्याकडे. पाण्यात उतरणार नाही.

निवृत्त_फौजी

हिशोबनीस मिळाला, उत्तम. पण बोट बांधायच्या आधी रेस्क्यूचं ठरवा. ज्या क्लबात हे नंतर ठरवू म्हणतात तिथे पहिल्या सीझनला कोणीतरी जातं. एक इंजिनवाली बोट, दोन माणसं, त्यातलं एक पाण्यात उडी मारू शकणारं, आणि ती दोघं त्या दिवशी सेलिंग करणार नाहीत. दर वेळी आळीपाळीने. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट, पट्टे बांधलेलं, बुडाखाली घेऊन बसायला नाही. आणि वाऱ्याचा नीट विचार करा. आपल्याकडे थंडीत सकाळी वारा मेलेला असतो, मे महिन्यात दुपारनंतर पश्चिमेचा चांगला सुटतो, पण हे सगळे तलाव डोंगरांच्या मधे आहेत, वारा सरळ येत नाही, खिंडीतून भसकन येतो आणि दिशा बदलतो. जून-जुलैत तर नवख्याने नावच काढू नये.

डेक्कनचा_नाखवा

काका, अगदी हेच. आमच्या तिथल्या क्लबात मेंबरशिप फॉर्मवरच लिहिलेलं असायचं की वर्षात इतक्या वेळा रेस्क्यूची आणि इतक्या वेळा चहाची ड्युटी, नाही केली तर पुढच्या वर्षी बोट ठेवायला जागा नाही. पैसे देऊन ड्युटी चुकवायची सोय नव्हती. एका बड्या डॉक्टरांनी विचारलं होतं, मी जास्त फी भरतो, ड्युटी नको, तर कमिटीने नाही म्हटलं आणि ते रजिस्टरमध्ये नोंदवून पण ठेवलंय. रेस्क्यू बोटीची जोडी आली नाही तर सगळे शीड उतरवून सरळ घरी, मग वारा कितीही झकास असो.

तीन_नंबरची_बस

हे पुण्यात सगळ्यात अवघड वाटतंय. परवानगी मिळेल एक वेळ, पण रविवारी सकाळी दुसऱ्यासाठी काठावर बसून राहणारे दोन पुणेकर कुठून आणणार?

पेठी_खवट

दुसऱ्याच्या चुका काढत तासनतास बसायचं असेल तर मी तयार आहे.

सिंहगडरोडकर

खवटकाका रेस्क्यूला! उलटलेल्या माणसाला आधी सुनावणार, मग दोर टाकणार.

डेक्कनचा_नाखवा

चला मग, बोलतोय तर सुरुवात करूया. परवानगी आणि तलाव यावर वेगळा धागा काढतो, फौजीकाका आणि सिंहगडरोडकर तिथे या, खाजगी जमीन काठाला लागून असलेला कोणी ओळखीचा असेल तर मला निरोप टाका. पण बोटीसाठी थांबायला नको. मिररचा खोका आता इथे कुठे मागवणार. नेटवर पडल डक रेसर म्हणून एक डिझाईन आहे, २००३ मधलं, प्लॅन फुकट आहेत, आठ बाय चार फुटांचा चौकोनी ठोकळा, दिसायला गचाळ पण चालतो व्यवस्थित. शीड पण टारपोलिनचं चालतं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या स्लॉटवर बनवायचा विचार आहे, गाडी रस्त्यावर लावीन महिनाभर. सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही. मरीन प्लाय पुण्यात कुठे बरं मिळेल, आणि गोंद कोणता?

संगमपुलावरून

भवानी पेठेत टिंबर मार्केट. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे साहेब" म्हणून काहीही गळ्यात मारतो, शीटवर आयएस ७१० चा (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का बघूनच घ्या, किचनच्या ट्रॉलीवालं कमर्शियल प्लाय नको. आधी एक तुकडा मागून आणा आणि घरी पातेल्यात दिवसभर उकळत ठेवा, थर सुटले तर ते दुकान सोडा. ६ मिलिमीटरचं पुरेल. गोंद साधा पांढरा फेव्हिकॉल नाही चालणार, पाण्यात सोडून देईल, एपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा गोंद) घ्या आणि मिसळताना प्रमाण वजनाने मोजा, अंदाजपंचे नको. पुण्याच्या उन्हात भांड्यातच घट्ट होतं, थोडं थोडं करा. आणि ग्लोव्हज.

चहाबाज

शीट आठ बाय चारची आहे, ॲक्टिव्हावर आडवी धरून आणायचा विचार असेल तर सोडा. वारा लागला तर लक्ष्मी रोडवरच तुमचं सेलिंग व्हायचं. छोटा हत्ती करा, भाडं निम्मं मी देतो.

गणिती_माऊ

भाडं, प्लाय, एपॉक्सी, टारपोलिन. एक्सेल शीट उघडलीय, वर्गणीचा पहिला कॉलम "चहा" ठेवलाय. खवटकाका, तुमच्या नावापुढे किती लिहू?